संप्रेरके उपचारासाठी, अपात्रतेसाठी नव्हे

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांचा पर्मनंट कमिशनचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात केंद्र सरकारने केलेला युक्तिवाद आजही मुळातून वाचावा असा आहे. स्त्रियांच्या शारीरिक मर्यादा, गर्भारपण, मातृत्व, कौटुंबिक जबाबदाऱ्या, आणि ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची स्त्रीचा हुकूम मानण्याची नसलेली मानसिक तयारी, अशी कारणे सरकारने पुढे केली होती. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या पीठाने ती साचेबद्ध समजुतींतून आलेली असल्याचे सांगून फेटाळली. त्याच महिन्यात गुजरातमधील भूज येथे एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातील ६८ विद्यार्थिनींना, आपली मासिक पाळी चालू नाही हे सिद्ध करण्यासाठी, अंतर्वस्त्रे उतरवायला लावल्याचे प्रकरण उघडकीस आले. एक घटना देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील, दुसरी वसतिगृहाच्या स्वच्छतागृहातील. परंतु दोन्हीकडे स्त्रीचे शरीर हाच तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला गेला.

ज्या देशात असे घडते, तेथे स्त्रीची संप्रेरके आणि तिचे मन यांच्या संबंधावर लिहिणे जोखमीचे आहे. प्रजनन संप्रेरकांचे, म्हणजे मुख्यतः इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे, कार्य गर्भाशयापुरते मर्यादित नसते. मेंदूतील भीतीच्या व्यवहारावरही त्यांचा प्रभाव पडतो आणि काही स्त्रियांना चारचौघांत वावरताना वाटणारी तीव्र भीती त्यामुळे वाढू शकते, असे संशोधन सांगते. हे वाक्य उच्चारताच ‘बायका मुळातच हळव्या’ असे म्हणायला अनेकजण टपलेले असतात. म्हणूनच स्त्री-हक्कांची बाजू घेणारे बरेच जण हा विषय टाळतात. माझ्या मते हे टाळणे चुकीचे आहे. जे बोलले जात नाही त्याच्यावर उपचारही होत नाहीत, आणि या मौनाची किंमत ज्यांना आधीच बोलता येत नाही अशा स्त्रियाच मोजत असतात.

लाज आणि आजार

प्रथम आजार म्हणजे काय ते पाहू. अनोळखी माणसांसमोर थोडे अवघडणे हा स्वभाव आहे. सामाजिक चिंताविकार ही त्यापुढची अवस्था. लोक आपल्याकडे पाहत आहेत, आपली पारख करत आहेत, आपण हास्यास्पद ठरणार आहोत, ही भीती महिनोन् महिने टिकते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नाही. दुकानात नको असलेली वस्तू परत करण्याऐवजी पैसे सोडून दिले जातात. फोन वाजला की छाती धडधडते. मुलाखतीचे पत्र आले की आजारी असल्याचे कारण सांगितले जाते. शिक्षण, नोकरी आणि मैत्री या तिन्ही वाटा हळूहळू अरुंद होत जातात.

हा विकार बहुधा वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो. लोकसंख्येची पाहणी केली तर पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो साधारण दीड ते दोन पट अधिक आढळतो. मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात चित्र उलटे होते. तेथे स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते, किंबहुना पुरुष किंचित अधिकच असतात. समाजात आजारी स्त्रिया जास्त आणि उपचार घेणारे पुरुष निदान तितकेच, ही तफावत जीवशास्त्रातून निघणारी नाही.

भारतीय वाचकाला तिचे कारण वेगळे सांगण्याची गरज नाही. मुलाखतीत गप्प बसणारा मुलगा ही घराची काळजी असते. त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो, म्हणून त्याला कोणीतरी डॉक्टरांकडे नेतो. पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसणाऱ्या मुलीचे मात्र कौतुक होते. ‘आमची मुलगी फारशी बोलत नाही हो’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत गुण म्हणून सांगितले जाते. ज्या लक्षणावर डॉक्टरांनी बोट ठेवावे त्यालाच घर शालीनता म्हणते. मग ती मुलगी उपचाराला जाणार कशी?

आकडे पाहिले तर या प्रश्नाचा आवाका कळतो. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१७ साली भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना कोणता ना कोणता चिंताविकार होता आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले होते. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. या रांगेत मुकाट बसणारी मुलगी सर्वांत शेवटी उभी असते.

शरीरात काय घडते?

मुलगी वयात येण्यापूर्वी चिंताविकारांतील स्त्री-पुरुष फरक फारसा ठळक नसतो. पौगंडावस्थेत तो रुंदावतो. मैत्रिणींच्या आधी वयात येणाऱ्या मुलींमध्ये सामाजिक चिंता अधिक दिसते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. त्यानंतर दर महिन्याला एक चक्र चालते. पाळी संपल्यावर इस्ट्रोजेन वाढत जाते, बीजमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनचे राज्य येते आणि पुढची पाळी येण्याआधीच्या दिवसांत दोन्ही झपाट्याने खाली येतात. बाळंतपणानंतर हीच घसरण काही दिवसांत आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर होते. रजोनिवृत्तीपूर्वीच्या वर्षांत ही पातळी अनियमितपणे हेलकावे खाते. भारतीय स्त्रीला रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधी येते. त्यामुळे हे हेलकावे तिच्या ऐन कर्तृत्वाच्या काळात येतात.

प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेवर ते काम करते. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्याही याच यंत्रणेवर काम करतात. बहुसंख्य स्त्रियांना या द्रव्याचा त्रास होत नाही. काही स्त्रियांच्या मेंदूची प्रतिक्रिया मात्र उलटी असते. शांत होण्याऐवजी अस्वस्थता, चिडचिड आणि भीती वाढते. हे ज्ञान आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी याच द्रव्याचे औषध अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये आणि त्याच जातीची तोंडाने घेण्याची गोळी ऑगस्ट २०२३ मध्ये मान्य झाली.

इस्ट्रोजेनची गोष्ट वेगळी आहे. भीती शिकावी लागते, तशी ती विसरायलाही शिकावे लागते. ज्या प्रसंगाची भीती वाटते त्याला पुन्हा पुन्हा सामोरे गेले आणि काही वाईट घडले नाही, तर मेंदू हळूहळू सावरतो. सामाजिक चिंतेवरील मानसोपचाराचा पायाच हा आहे. उंदरांवरील आणि स्त्रियांवरील प्रयोगांत असे दिसले की इस्ट्रोजेनची पातळी खालावलेली असताना भीती विझण्याची ही प्रक्रिया कमजोर पडते. एखाद्या स्त्रीला उपचार या आठवड्यात लागू पडतो आणि पुढच्या आठवड्यात पडत नाही, यामागे तिची कुचराई नसून तिच्या चक्रातील वेळ असू शकते. सामाजिक चिंता असलेल्या काही स्त्रिया पाळीपूर्वीच्या दिवसांत त्रास वाढल्याचे सांगतात, हेही या निष्कर्षाशी जुळते. तथापि सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, आणि संप्रेरकांमुळेच सामाजिक चिंता निर्माण होते असे सिद्ध झालेले नाही.

या साऱ्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचा धडा १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. पाळीपूर्व तीव्र मानसिक त्रास होणाऱ्या आणि तसा त्रास नसलेल्या अशा दोन गटांतील स्त्रियांची अंडाशयातील संप्रेरकनिर्मिती औषधाने तात्पुरती थांबवण्यात आली. पहिल्या गटातील अनेकींचा त्रास कमी झाला. मग दोन्ही गटांना बाहेरून संप्रेरके देण्यात आली. पहिल्या गटात त्रास परतला. दुसऱ्या गटात काहीच झाले नाही. संप्रेरक तेच, मात्राही तीच, तरी परिणाम वेगळा.

सार्वजनिक चर्चेच्या दृष्टीने या प्रयोगाचा अर्थ मोठा आहे. ‘स्त्रियांमध्ये संप्रेरके असतात, म्हणून त्या अस्थिर असतात’ हे विधान विज्ञानाच्याच कसोटीवर कोसळते. त्रास होतो तो काही स्त्रियांना, त्यांच्या मेंदूच्या विशिष्ट संवेदनशीलतेमुळे. पाळीपूर्व अस्वस्थतेचा तीव्र विकार पाळी येणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण तीन ते आठ टक्के स्त्रियांना असतो, आणि २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते बहुतेकींना लागू पडतात. उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांच्या माथी तो मारणे जितके गैर, तितकेच या तीन ते आठ टक्क्यांना ‘हे सगळ्यांनाच होते’ म्हणून परत पाठवणेही गैर.

आतले चक्र, बाहेरचे चक्र

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळेत पाळीचे दिवस म्हणजे शरीरातील बदलाचे दिवस. आपल्याकडे त्या दिवसांत शरीराबाहेरचे जगही बदलते. देवघर, स्वयंपाकघर, लोणच्याची बरणी यांचे अंतर वाढते. गडचिरोलीतील माडिया-गोंड गावांत स्त्रीला कुर्माघरात मुक्काम हलवावा लागतो. कपड्यावर डाग पडेल या धास्तीने मुली वर्गात फळ्यापाशी जात नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते २४ वयोगटातील सुमारे ७८ टक्के तरुणी पाळीत स्वच्छ साधने वापरतात. चौथ्या सर्वेक्षणातील ५८ टक्क्यांच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे. तरी दर पाच जणींमागे एक अजून बाहेरच आहे.

तमिळनाडूत मुलगी वयात आली की ‘मंजळ नीराट्टु विळा’ होतो. नातेवाईक जमतात, मुलीला नटवून मध्यभागी बसवतात. आसामात ‘तुलोनी बिया’ असतो. अनेक कुटुंबे हे सोहळे मायेने करतात आणि काही मुलींना ते आवडतातही. तथापि बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलीला लोकांच्या नजरेचीच भीती वाटू लागली आहे, तिला नेमक्या त्याच वयात, नेमक्या त्याच कारणासाठी शेकडो नजरांपुढे बसवले जाते, याचा विचार क्वचितच होतो. दुसरीकडे ओडिशात जूनच्या मध्यावर ‘रज’ हा सण येतो. धरित्री रजस्वला झाली असे मानून तीन दिवस नांगर थांबतो, मुली नवे कपडे घालून झोके घेतात. पाळीला लज्जेशीच जोडले पाहिजे असा काही निसर्गनियम नाही, हे आपल्याच परंपरेतून दिसते.

त्यामुळे भारतीय मुलीच्या भीतीत संप्रेरकांचा वाटा किती आणि समाजाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. त्यात कुपोषणाची भर पडते. त्याच सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयात धडधड होते, दम लागतो, थकवा येतो. घाबरलेल्या माणसाची लक्षणेही हीच. लोहाच्या गोळीने जिचा निम्मा त्रास कमी होईल तिला ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगितले जाते.

संप्रेरकांकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे कठोर उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाला समिती नेमावी लागली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली तर संप्रेरके एका दिवसात कोसळतात आणि तिशीतील स्त्री रजोनिवृत्तीत ढकलली जाते. तिचे मन पुढे कसे राहील, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारणारे कोणी नव्हते.

रजा मागणार कोण?

राष्ट्रीय पातळीवर या विषयाची चर्चा सध्या एकाच वाटेने चालली आहे, ती म्हणजे मासिक पाळीची रजा. बिहारने १९९२ मध्येच महिला शासकीय कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रासह वर्षाला बारा दिवसांच्या भरपगारी रजेला मंजुरी दिली. दुसऱ्या बाजूला, डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी यांनी राज्यसभेत, पाळी हे अपंगत्व नसल्याने अशा रजेची आवश्यकता नाही, अशी भूमिका घेतली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सक्तीच्या रजेमुळे मालक स्त्रियांना नोकरीच देणार नाहीत अशी शंका व्यक्त करून, आदर्श धोरणाचा विचार करण्यास केंद्राला सांगितले.

न्यायालयाची शंका निराधार नाही. पण या वादात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. रजा मागायची कोणी आणि कोणाकडे? तीव्र सामाजिक चिंता असलेली स्त्री पुरुष वरिष्ठाच्या टेबलासमोर उभी राहून ‘माझी पाळी आहे’ असे सांगू शकेल काय? जो हक्क तोंडाने मागावा लागतो तो बोलक्यांना मिळतो. ज्या दिवशी जिला त्याची सर्वाधिक गरज असते त्या दिवशी तीच त्यापासून वंचित राहते.

केरळने जानेवारी २०२३ मध्ये वेगळा मार्ग दाखवला. राज्य विद्यापीठांतील विद्यार्थिनींसाठी हजेरीची किमान अट ७५ वरून ७३ टक्के करण्यात आली. सवलत नियमातच असली की आपली पाळी दर महिन्याला कोणासमोर जाहीर करण्याची गरज उरत नाही. नोकरीच्या ठिकाणीही कारण न विचारता घेता येणाऱ्या काही रजा स्त्री-पुरुष दोघांनाही मिळाल्या, तर मालकाला स्त्रियांना टाळण्याचे निमित्त उरणार नाही आणि गप्प राहणाऱ्या स्त्रीलाही तिचा दिवस मिळेल.

काय करता येईल?

पुढची पावले फार खर्चिक नाहीत. बहुतेक यंत्रणा अस्तित्वात आहेत.

पहिले पाऊल शाळेत पडायला हवे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी चालू आहे आणि मानसिक आरोग्य हा त्याच्या सहा विषयांपैकी एक आहे. प्रत्यक्षात मुलींसाठी हा कार्यक्रम लोहाच्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅड यांपलीकडे क्वचित जातो. सातवी-आठवीत एकाएकी गप्प झालेली हुशार मुलगी शिक्षकांच्या नजरेत भरली पाहिजे. आज ती भरत नाही, कारण ती कोणाला त्रास देत नाही.

दुसरे पाऊल दवाखान्यात. चिंतेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीला तिच्या पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल, गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल आणि झालेल्या शस्त्रक्रियांबद्दल विचारले पाहिजे. सलग दोन महिने रोजच्या लक्षणांची साधी नोंदवही ठेवली, तर त्रास चक्राशी बांधलेला आहे की नाही हे बरेचसे स्पष्ट होते. त्यासाठी महागडी तपासणी लागत नाही; कागद, पेन्सिल आणि ऐकून घेणारा माणूस पुरतो. स्त्रीरोगतज्ज्ञ मनाकडे पाहत नाहीत आणि मानसोपचारतज्ज्ञ पाळीबद्दल विचारत नाहीत, ही विभागणी वैद्यकीय शिक्षणातच मोडायला हवी.

तिसरे पाऊल मदतीच्या मार्गाबाबत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा उपयुक्त आहे. पण अनोळखी व्यक्तीशी फोनवर बोलणे हीच जिची भीती आहे तिने तो क्रमांक फिरवायचा कसा? लिहून संपर्क साधण्याची सोय प्रत्येक भारतीय भाषेत सहज उपलब्ध असली पाहिजे.

चौथे पाऊल संशोधनाचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणाक्षम स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांपासून दूर ठेवले आणि ते धोरण १९९३ मध्ये मागे घेतले. मधली सोळा वर्षे जगभरच्या वैद्यकाने पुरुषाचे शरीर हेच मानवी शरीर समजून घालवली. संप्रेरकांवरील आजचे बहुतेक ज्ञानही पाश्चात्त्य स्त्रियांवर आधारलेले आहे. रक्तक्षय असलेल्या, लवकर लग्न झालेल्या, लवकर रजोनिवृत्त होणाऱ्या भारतीय स्त्रीचे मन त्याच नियमांनी चालते काय, याचे उत्तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेलाच शोधावे लागेल.

हा विषय केवळ आरोग्याचा नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या. आज देशात चौदा लाखांच्या आसपास स्त्रिया निवडून आलेल्या लोकप्रतिनिधी आहेत. सप्टेंबर २०२३ मधील १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांचे दार उघडण्याचे आश्वासन दिले आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. या प्रत्येक ठिकाणी स्त्रीला लोकांसमोर उभे राहून बोलावे लागते. ग्रामसभेत सरपंच बाईंच्या वतीने त्यांचे पती बोलतात, त्यामागे मुख्यतः सत्तेचा हव्यास आहे, यात शंका नाही. परंतु ज्या बाईला तेराव्या वर्षापासून बोलण्याची भीती वाटते आहे आणि जिची ती भीती घराने शालीनता म्हणून जपली, तिची जागा बळकावणे अधिक सोपे जाते.

लष्कराच्या खटल्यात सरकारने शरीराचे कारण पुढे करून स्त्रीला दार बंद करू पाहिले. त्याला उत्तर म्हणून स्त्रीचे शरीर वेगळे नाहीच, असे म्हणण्याची गरज नाही. लढाऊ वैमानिकाच्या दृष्टीची तपासणी होते, आणि दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्याला चष्माही मिळतो. पण डोळे असतात म्हणून कोणाला शिक्षणाला अपात्र ठरवत नाहीत. संप्रेरकांबाबत एवढा साधा विवेक आपण दाखवू शकलो, तर पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसलेल्या त्या मुलीला कोणीतरी प्रथमच विचारील, की तू गप्प का आहेस. आणि उत्तर येईपर्यंत थांबेल.